आमच्याबद्दल बोलताय, तर आम्हालाही बसू द्या

स्वीडनमधल्या माल्मो शहरात १९७० साली तीन दिवसांची एक परिषद भरली. देशभरातून आलेले सुमारे ५० प्रतिनिधी, सगळे प्रौढ आणि सगळेच बौद्धिक अक्षमता असलेले. त्यांनी चर्चा केली, मतं घेतली आणि मागण्यांची यादी तयार केली. आमची काम करायची कुवत कमी धरू नका. डॉक्टर, शिक्षक, मुकादम आमच्याविषयी चर्चा करतात तेव्हा आम्हाला तिथं बसायचंय. आत्ता ते आमच्या पाठीमागे बोलतात असं वाटतं. आणि एक मागणी अशी : गावात आम्हाला मोठ्या घोळक्यानं फिरवू नका.

ही शेवटची मागणी मला सगळ्या यादीत मोलाची वाटते. कुठल्याही तज्ज्ञानं ती लिहिली नसती. वीसजणांची रांग, पुढे एक ताई, मागे एक दादा, आणि फुटपाथवरची माणसं थबकून बघताहेत : हे ज्याला रांगेत चालावं लागलंय त्यालाच बोचतं. बाहेरून बघणाऱ्याला ती छान सहल वाटते.

आज ‘सेल्फ-ॲडव्होकसी’ या नावानं जे शिकवलं जातं, म्हणजे आपली बाजू आपण मांडणं, हक्क माहीत असणं, ‘नको’ म्हणता येणं, मदत हवी तर ती कशी हवी हे सांगता येणं, त्याचा उगम अशा बैठकांत आहे. अभ्यासक्रम फार नंतर आला.

त्याआधी बाजू मांडायची ती दुसऱ्यानं. ती कशी मांडली जायची याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या कॅरी बकचं. व्हर्जिनिया राज्यानं तिला ‘मंदबुद्धी’ ठरवून एका संस्थेत ठेवलं आणि तिची सक्तीनं नसबंदी करायचं ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९२७ मध्ये निकाल राज्याच्या बाजूनं लागला. तिच्यासाठी नेमलेला वकील त्याच संस्थेच्या संचालक मंडळावर राहून आलेला आणि समोरच्या वकिलाचा मित्र होता. कॅरीला बौद्धिक अक्षमता नव्हतीच, असं पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं. पण असती, तरी तिला काय वाटतं हे त्या सगळ्या कारवाईत कुणाला हवं होतं?

दुसऱ्या महायुद्धानंतर पालक पुढे आले. ब्रिटनमध्ये १९४६ साली, अमेरिकेत १९५० साली, स्वीडनमध्ये १९५६ साली त्यांच्या संघटना उभ्या राहिल्या. शाळा, कार्यशाळा, निवासाची सोय, हे त्यांनी भांडून मिळवलं. ते श्रेय काढून घ्यायचं कारण नाही. पण या संघटनांच्या भाषेत चाळिशीचा माणूसही ‘आमचं मूल’च राहायचा, आणि मुलाला कोण विचारतं?

स्वीडनच्या पालक संघटनेत काम करणारे बेंग्ट निर्ये यांना हे खटकलं असावं. साठच्या दशकात त्यांनी अक्षमता असलेल्या आणि नसलेल्या तरुणांचे क्लब उभे करायला मदत केली. नियम साधा होता : बेत सगळ्यांनी मिळून आखायचा. रविवारी कुठे जायचं, बस कुठली, पैसे कुणाकडे, पाऊस आला तर काय. इतक्या क्षुल्लक गोष्टींतून ती माणसं सभा चालवायला शिकली. हात वर करून बोलायचं, दुसऱ्याचं संपेपर्यंत थांबायचं, मत द्यायचं आणि आपलं मत हरलं तरी क्लब सोडून जायचं नाही. (हे शेवटचं भल्याभल्यांना जमत नाही.) माल्मोची परिषद याच तालमीतून आली. निर्ये यांनी १९६९ मध्ये ‘नॉर्मलायझेशन’चं तत्त्व मांडलं. त्याचा अर्थ माणसाला ‘नॉर्मल’ करणं असा अनेकांनी घेतला. म्हणणं होतं ते दिनक्रमाबद्दल, म्हणजे उठणं, काम, सुट्टी, जोडीदार, निवड हे सगळं इतरांसारखं असावं याबद्दल.

माल्मोनंतर पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी याच माणसांच्या हक्कांचा जाहीरनामा काढला. पहिल्याच कलमात त्यांना इतरांसारखेच हक्क दिले होते, पण ‘शक्य तितक्या जास्तीत जास्त प्रमाणात’. किती शक्य, हे अर्थातच दुसऱ्यानं ठरवायचं.

पुढचा टप्पा कॅनडातून अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात गेला. १९७३ मध्ये ब्रिटिश कोलंबियात अशीच एक परिषद झाली. ओरेगनहून तिथं गेलेल्या मंडळींचं मत पडलं की माइक बहुतेक वेळ तज्ज्ञांकडेच होता. परतल्यावर जानेवारी १९७४ मध्ये सेलम शहरात काहीजण जमले. त्यांत राज्याच्या मोठ्या संस्थेत राहिलेली माणसं होती. आपल्या गटाचं नाव काय ठेवायचं यावर चर्चा चालली असताना कुणीतरी वैतागून म्हणालं, की आम्हाला सारखं ‘मतिमंद’ म्हणतात, अरे, आम्ही आधी माणसं आहोत. त्यातूनच ‘पीपल फर्स्ट’ हे नाव आलं, असं सांगतात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी ऑटर क्रेस्ट इथं अधिवेशन भरवलं आणि ५६० माणसं आली. खोल्या, प्रवास, जेवण, कार्यक्रम, सगळं समितीनं आखलं. मदतनीस होते, आणि त्यांचं सगळ्यात अवघड काम होतं गप्प बसणं. प्रश्न आला की उत्तर त्यांच्या जिभेवर तयार असायचं. ते गिळून समोरच्याला शब्द सापडेपर्यंत थांबायचं. एक मिनिट, दोन मिनिटं, खोलीत शांतता. या चळवळीत कौशल्य शिकावं लागलं ते दोन्ही बाजूंना, पण पुढच्या प्रशिक्षण-पुस्तिकांत एकच बाजू उरली, ही माझी तक्रार आहे.

कारण न बोलणं आणि न ऐकणं यांत गल्लत फार होते. बर्नार्ड कारबेलो यांचंच पाहा. न्यूयॉर्कच्या विलोब्रूक या बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीच्या संस्थेत त्यांनी १८ वर्षं काढली. सुमारे ४,००० जणांसाठी बांधलेल्या त्या इमारतींत साठच्या दशकात ६,००० हून अधिक माणसं कोंबलेली होती. बर्नार्डना होता सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा कमी होणं. उच्चार अस्पष्ट, म्हणून बुद्धीही नाही असं धरलं गेलं. १९७२ मध्ये टीव्हीचा कॅमेरा आत पोचला तेव्हा ते बोलले आणि सगळ्या देशाला कळलं. पुढे त्यांनी न्यूयॉर्क राज्यात सेल्फ-ॲडव्होकसीची संघटना उभी केली. विलोब्रूक १९८७ मध्ये बंद झालं.

नव्वदच्या दशकात या गोष्टीला मान्यता मिळाली, अनुदानं आली, पाठोपाठ अभ्यासक्रमही आले. काही उत्तम आहेत. काही मात्र फसवे : वर्गात ‘माझी निवड’ हा तास घ्यायचा आणि रात्री दिवे नऊलाच बंद करायचे. रोजच्या जगण्यात निवडीला जागा नसेल तर तासाला काय अर्थ?

लोईस कर्टिस यांनी असा कुठलाही तास केलेला नव्हता. अटलांटातल्या सरकारी रुग्णालयात त्या अडकल्या होत्या. बाहेर राहू शकतील असं डॉक्टरच म्हणत होते, पण सोय नव्हती म्हणून सुटका नव्हती. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या कार्यालयात त्या फोन करत राहिल्या : मी इथून कधी सुटणार? त्या फोनांतून उभा राहिलेला खटला १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला गेला. गरज नसताना माणसाला संस्थेत अडकवून ठेवणं हा भेदभाव आहे, असं न्यायालयानं म्हटलं.

अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार लिहिला जात असताना न्यूझीलंडचे रॉबर्ट मार्टिन त्या चर्चांत होते. बालपण संस्थांत गेलेला हा माणूस २०१६ मध्ये कराराच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीवर निवडून आला. बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती तिथं बसण्याची ती पहिलीच वेळ. २०२४ मध्ये ते गेले.

त्या कराराचं १२ वं कलम म्हणतं की कायद्यासमोर प्रत्येकाला स्वतःचे निर्णय घेण्याची पात्रता आहे, आणि त्यासाठी लागेल तो आधार सरकारनं द्यायचा. स्वीडननं माणसाला ‘अपात्र’ जाहीर करण्याची पद्धत १९८९ मध्येच मोडीत काढली होती. कितीतरी देशांत ती अजून चालू आहे. तिथं माणूस बैठकीत उठून स्पष्ट बोलतो, टाळ्या घेतो, आणि घरभाड्याच्या करारावर सही मात्र कायदेशीर पालक म्हणून नेमलेला दुसराच कुणीतरी करतो.