चौकोन गेले कुठे? पीडीएफमध्ये प्लॉट ब्लर का होतो

मागे मी एक हीटमॅप (आकड्यांऐवजी रंग दाखवणारा तक्ता) सरांना पाठवला, साधं १० बाय १० चं कोरिलेशन मॅट्रिक्स (कोणती गोष्ट कुणाबरोबर वाढते-घटते त्याचे आकडे), म्हणजे १०० रंगीत चौकोन. माझ्या स्क्रीनवर एकदम कडक दिसत होते आणि सरांचा फोन आला, "अगं हे काय, धुकं पाठवलंयस का?" मला वाटलं फाईल खराब झाली असेल, परत पाठवली, परत धुकं. पीएनजी पाठवली तर मात्र ठीक. डेटा तोच, कोड तोच, फक्त फाईलचं एक्स्टेन्शन वेगळं!

मी मॅटप्लॉटलिब या पायथनच्या प्लॉट काढायच्या लायब्ररीतलं इमशो (आकड्यांची इमेज करणारं फंक्शन) वापरत होते आणि कुठून तरी उचललेल्या कोडमध्ये इंटरपोलेशन, म्हणजे इमेज ताणताना मधले पिक्सेल भरायची पद्धत, 'नन' होतं. नन म्हणजे काहीच करू नको, मग ब्लर कसं होईल, असं कुणालाही वाटेल. पण १० बाय १० चा डेटा कागदावर साडेतीन-पावणेचार इंचात ताणायचा तर मधले पिक्सेल कुणीतरी भरायलाच लागतात, प्रश्न एवढाच की भरणार कोण.

पीएनजीमध्ये हे काम सेव्ह करतानाच उरकतं. नेहमीच्या १०० डीपीआयला (इंचाला १०० पिक्सेल) त्या चौकटीत साधारण ३७० पिक्सेल बसतात, प्रत्येक पिक्सेलला जवळच्या चौकोनाचा रंग मिळतो आणि विषय संपला. जवळच्याचा रंग उचलायच्या या पद्धतीचं नाव 'नीअरेस्ट', आणि एवढा छोटा डेटा ताणताना 'नन' आणि 'नीअरेस्ट' इथे सारखेच दिसतात. (३७० ला तंतोतंत भाग जात नसेल तर एखादा चौकोन शेजारच्यापेक्षा पिक्सेलभर बारीक होतो, कुणाच्या लक्षातही येत नाही.) पीडीएफ मात्र डब्यासारखी आहे. 'नीअरेस्ट' दिलं तर आधी ताणून झालेली इमेज डब्यात जाते, 'नन' दिलं तर फक्त १०० पिक्सेलची मूळ चिमुकली इमेज जाते आणि ताणायचं काम उघडणाऱ्या व्ह्यूअरवर पडतं. पीडीएफमध्ये प्रत्येक इमेजसाठी 'स्मूथ कर' असा एक फ्लॅग असतो, पण तो नसला तरी काही व्ह्यूअर स्मूथ करतातच, फोटोला ते छान दिसतं म्हणून. आमच्या सरांचा व्ह्यूअर त्यातलाच. एसव्हीजी या वेक्टर फाईलप्रकारातही हाच घोळ होऊ शकतो.

मग 'नन' वाईटच का? तर नाही. ३००० बाय ३००० चा डेटा असेल तर उलटं होतं, 'नीअरेस्ट' त्याला ३७० पिक्सेलमध्ये कोंबताना साधारण आठातली एकच ओळ उचलतं, बाकीच्या गायब, आणि डेटात बारीक पट्टे असतील तर नसलेलीच नक्षी उमटते. 'नन' ठेवलं तर पीडीएफमध्ये सगळे ९० लाख आकडे जातात, झूम करत बसा, फाईल फुगते ती वेगळी. म्हणूनच मॅटप्लॉटलिबच्या २०२० च्या ३.२ व्हर्जनपासून डीफॉल्ट 'अँटीअलायझ्ड' आहे (आता त्याचंच नाव 'ऑटो'), ते इमेज लहान करताना आधी थोडी स्मूथ करतं आणि तिपटीपेक्षा जास्त ताणताना नीअरेस्टच वापरतं. त्याआधी २.० पासून सरळ नीअरेस्ट होतं आणि त्याच्याही आधी 'बायलिनिअर'!

बायलिनिअरवर माझा जरा राग आहे. समजा जमिनीच्या नकाशात १ म्हणजे पाणी, २ म्हणजे जंगल, ३ म्हणजे शेत. तळ्याला लागून शेत आहे, बायलिनिअर १ आणि ३ च्या मध्ये सरासरी काढत जातं, वाटेत २ येतो आणि तळ्याच्या काठाने जंगलाची एक हिरवी पट्टी उगवते जी तिथे कधी नव्हतीच. तापमानाच्या नकाशात हे एकवेळ चालेल, पण तिथेही ते मधले आकडे कुणी मोजलेले नाहीत हे पाहणाऱ्याला कळत नाही.

जेपीजी तर प्लॉटला वापरूच नका, ती इमेजचे ८ बाय ८ चे तुकडे करून माहिती कापते, अक्षरांच्या कडेला मळकट ठिपके येतात. आणि ब्लर टाळायला इमशोऐवजी पीकलरमेश (इमेज न करता चौकोन काढणारं फंक्शन) वापरलं तर पीडीएफमध्ये प्रत्येक चौकोन वेगळा आकार म्हणून जातो, मग काही व्ह्यूअरमध्ये चौकोनांच्या मध्ये पांढऱ्या बारीक रेघा दिसतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

शेवटी मी 'नीअरेस्ट' आणि ३०० डीपीआय करून पाठवलं. सरांनी दोन लॅपटॉपवर उघडून पाहिलं, चौकोन जागच्या जागी होते, मग म्हणाले, "आता रंग बदल."