वीतभर खोल नाणं, दोन हात खोल खजिना

इंग्लिश खाडीतलं जर्सी हे चिमुकलं बेट फ्रान्सच्या किनाऱ्यापासून वीसेक किलोमीटरवर आहे. तिथल्या एका शेतात रेग मीड आणि रिचर्ड माइल्स हे दोघे मित्र तब्बल 30 वर्षं मेटल डिटेक्टर घेऊन फिरत होते. कारण काय, तर एका बाईनं सांगितलेली गोष्ट: तिच्या वडिलांना त्या भागात चांदीची जुनी नाणी मिळाली होती. नेमकं शेत कोणतं हेही पक्कं ठाऊक नव्हतं. शेतमालक पीक निघाल्यावरच, तेही वर्षातून मोजके तास, आत येऊ देई. 2012 च्या सुरुवातीला वरच्या मातीत त्यांना साठेक सेल्टिक, म्हणजे युरोपातल्या प्राचीन टोळ्यांची, नाणी मिळाली. मग दोघांनी जास्त खोल पोचणारं यंत्र आणलं, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये सुमारे एक मीटर चिकणमातीखाली खुरप्याला नाण्यांचा थर लागला. पाच-सहा नाणी वर आली तसे ते थांबले आणि त्यांनी पुरातत्त्वज्ञांना फोन केला.

तो थर म्हणजे 140 सेंटिमीटर लांब, 80 रुंद आणि 20 जाड असा नाण्यांचा एकच गठ्ठा होता. वजन पाऊण टनाच्या आसपास. सुरुवातीला अंदाज केला गेला 30 ते 50 हजार नाण्यांचा. मोजणी संपली तेव्हा आकडा 70 हजारांच्या जवळ गेला. लोहयुगीन नाण्यांचा एवढा मोठा साठा तोवर कुठेच सापडला नव्हता.

चिकाटीची गोष्ट म्हणून हे सगळीकडे सांगितलं जातं, आणि ते बरोबरही आहे. पण मला त्यातलं भौतिकशास्त्र जास्त मोहात पाडतं. चांगलं डिटेक्टर हातात असलं तरी रुपयाएवढं एक नाणं साधारण वीतभर, म्हणजे 20-25 सेंटिमीटर खोलीपर्यंतच सापडतं. मग दोन हात खोल पुरलेलं हे घबाड वरून कसं कळलं?

डिटेक्टरच्या दांड्याला खाली जी तबकडी असते तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतात. त्यामुळे भोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते जमिनीत शिरतं, आणि वाटेत धातू आला की त्या धातूत गोल गोल फिरणारे विद्युतप्रवाह निर्माण करतं. इंडक्शन शेगडीवर भांडं तापतं ते याच भोवरी प्रवाहांमुळे. नाणं काही तापत नाही, प्रवाह फार क्षीण असतात. पण त्या प्रवाहांचंही स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं, आणि तबकडीतलं दुसरं वेटोळं ते टिपतं. कानावर येणारी टिटी ही त्याची खूण.

आता खोलीचा प्रश्न. वेटोळ्यापासून दूर जावं तसं त्याचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं. अंतर दुप्पट झालं की क्षेत्र आठपट दुबळं. हे झालं जातानाचं. नाण्यानं पाठवलेलं उत्तर परत येतानाही पुन्हा आठपट दुबळं होतं. आठ गुणिले आठ, 64. म्हणजे खोली दुप्पट केली की खूण 64 पटींनी बारीक होते, तिप्पट केली की 729 पटींनी. गणिताच्या भाषेत हा सहावा घात. तबकडीच्या अगदी जवळ घसरण इतकी तीव्र नसते, पण तबकडीच्या आकारापेक्षा खोली बरीच वाढली की हा नियम निष्ठुरपणे लागू होतो. म्हणूनच यंत्राची संवेदनशीलता दुप्पट केली तरी खोली जेमतेम 12 टक्क्यांनी वाढते. 'दुप्पट ताकदीचं मशीन' अशी जाहिरात वाचताना हा आकडा लक्षात असलेला बरा.

पण हाच नियम उलटा वाचला तर जर्सीचं कोडं सुटतं. गंजामुळे एकमेकांपासून अलग पडलेल्या नाण्यांमध्ये प्रवाह ज्याच्या त्याच्यापुरता फिरतो आणि सगळ्यांची उत्तरं मिळून बेरीज होते, असं ढोबळमानानं धरू. 64 नाणी एकत्र असली तर ती एका नाण्याच्या दुप्पट खोलीवर कळतील. 729 असली तर तिप्पट खोलीवर. 4,096 असली तर चौपट, 15,625 असली तर पाचपट, 46,656 असली तर सहापट. 70 हजारांचा ढीग सहापट आणि सातपट यांच्या मधे येतो. एकटं नाणं 20 सेंटिमीटरवर कळत असेल तर हा ढीग कागदावर 1.2 मीटरवर कळायला हवा. प्रत्यक्षात ढीग पसरट असतो, सगळी नाणी तबकडीच्या बरोबर खाली नसतात, त्यामुळे थोडं कमीच धरायचं. तरीही उत्तर मीटरभराच्या आसपास येतं, आणि जर्सीत घडलंही तेच.

खोल शोधासाठीची यंत्रं याच तत्त्वावर बेतलेली असतात. एका प्रकारात दांड्याच्या दोन टोकांना दोन पेट्या असतात, एक क्षेत्र सोडणारी आणि एक ऐकणारी, मधे साधारण मीटरभर अंतर. तबकडी जितकी मोठी किंवा पेट्या जितक्या दूर, तितकं क्षेत्र खोल पोचतं. मात्र सुटं नाणं त्या पसाऱ्यात हरवतं. कॅलिफोर्नियात गेर्हार्ड फिशर या मूळच्या जर्मन अभियंत्यानं अशा दोन पेट्यांच्या यंत्राचं पेटंट 1937 मध्ये मिळवलं. त्याच्याही आधी, 1881 मध्ये, टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली बंदुकीची गोळी असंच यंत्र फिरवून शोधायचा प्रयत्न केला होता. डॉक्टरांनी त्याला फक्त उजवी बाजू तपासू दिली. गोळी डावीकडे होती.

जमीनही गप्प बसत नाही. मातीत लोहाची चुंबकीय खनिजं असतात आणि तीही वेटोळ्याला उत्तर देतात. खोलवरच्या नाण्याची खूण या मातीच्या कोलाहलापेक्षा कित्येक पटींनी बारीक असते. यंत्र मातीचा आवाज वजा करतं ते मुख्यतः वेळेच्या फरकावरून. धातूतले भोवरी प्रवाह सुरू व्हायला आणि विझायला क्षणाचा काही अंश लागतो, त्यामुळे नाण्याचं उत्तर जरा मागाहून येतं. चांदी-तांब्यासारख्या उत्तम वाहकात हा उशीर जास्त, पातळ पत्र्यात किंवा चॉकलेटच्या चांदीच्या कागदात कमी. लोखंडाचं उत्तर चुंबकत्वामुळे वेगळ्याच ढंगाचं. उथळ वस्तू असेल तर पडद्यावर चक्क आकडा येतो आणि सराईत माणूस त्यावरून वस्तू ओळखतो. खोली वाढली की मात्र हा आकडा भरकटायला लागतो. गंजलेला खिळा नाण्यासारखा भासतो आणि नाणं खिळ्यासारखं.

जोडीदाराचा खरा उपयोग इथे होतो, गप्पांसाठी तर होतोच. खोलवरची खूण एकदा येते, एकदा येत नाही. अशा वेळी सोबती काटकोनात उभा राहून त्याच जागेवरून आपलं यंत्र फिरवतो. त्याचं यंत्र वेगळ्या कंप्रतेचं (म्हणजे प्रवाह सेकंदाला वेगळ्या संख्येनं दिशा बदलणारं) असेल तर उत्तम, कारण कमी कंप्रतेला चांदीची जाड नाणी अधिक स्पष्ट दिसतात आणि जास्त कंप्रतेला बारीक, पातळ वस्तू. दोन्ही दिशांनी, दोन्ही यंत्रांवर खूण टिकली तरच फावडं उचलायचं. एक गंमत अशी की दोघांची यंत्रं एकाच कंप्रतेची असून फार जवळ आली तर एकमेकांचेच सिग्नल ऐकून बडबडू लागतात. म्हणून मित्र असले तरी काही मीटर अंतर ठेवूनच चालावं लागतं.

जुनं ते खोल, असा एक समज शोधकांत पक्का आहे. तो अर्धाच खरा. नाणं जड असतं म्हणून मातीत बुडत जात नाही. त्याला खाली नेतात ती गांडुळं. ती खालची माती खाऊन वर आणून टाकतात, वस्तू जागच्या जागी राहते आणि तिच्यावर थर चढत जातो. चार्ल्स डार्विननं यावर अनेक वर्षं निरीक्षणं केली आणि बेल गोळी शोधत होता त्याच 1881 साली गांडुळांवरचं आपलं पुस्तक काढलं. पण गांडुळांच्या वावराला खोलीची मर्यादा असते, आणि नांगर त्या थरातलं पुन्हा वर आणतो. त्यामुळे रोमन नाणं आणि व्हिक्टोरिया राणीचं नाणं एकाच वीतभर थरात शेजारी शेजारी मिळू शकतं. मीटरभर खोल असलेलं सहसा कुणीतरी खड्डा खणून मुद्दाम ठेवलेलं असतं, किंवा त्यावर गाळ साचलेला असतो.

आपल्याकडची काळी माती हे वेगळंच प्रकरण आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, हात आत जाईल अशा. वरची वस्तू भेगेतून थेट खाली जाते आणि पावसात माती फुगली की भेग मिटते. त्यात ही माती बेसाल्टपासून झालेली, म्हणजे मॅग्नेटाइटसारख्या चुंबकीय खनिजांनी भरलेली. नाणं खोल जायला सर्वांत सोपी आणि यंत्राला ऐकायला सर्वांत अवघड अशी ही जमीन. पैठण-तेरसारख्या जुन्या गावांच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, पावसानं माती धुतली की सातवाहनांची नाणी नुसत्या डोळ्यांनीही दिसतात, ती गोष्ट निराळी.

परत जर्सीला. एवढा मोठा ढीग सापडल्यावर मीड आणि माइल्स यांनी केलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे हात आखडता घेतला. गठ्ठा मातीसकट एकसंध उचलून संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत नेला गेला. ही नाणी चांदी आणि तांब्याच्या मिश्रधातूची. तांबं गंजून हिरवे क्षार तयार झाले होते आणि त्यांनीच नाणी एकमेकांना चिकटवून टाकली होती. नील मारर या संवर्धकाच्या देखरेखीखाली 2014 पासून सुमारे तीन वर्षं एकेक नाणं सोडवण्याचं काम चाललं, तेही काचेआडून लोकांना बघता येईल असं. प्रत्येक नाणं काढण्याआधी त्याची जागा त्रिमितीत, लेसरच्या साह्यानं नोंदवली गेली. आत सोन्याचे जाड गळपट्टेही निघाले. बहुतेक नाणी आजच्या फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात राहणाऱ्या कोरिओसोलाइट टोळीची: एका बाजूला कुरळ्या केसांचं मस्तक, दुसऱ्या बाजूला माणसाच्या डोक्याचा घोडा. ज्यूलिअस सीझरनं गॉल प्रदेश (साधारण आजचा फ्रान्स) जिंकला तो काळ इ.स.पू. 58 ते 50. त्या धामधुमीत हा ठेवा समुद्रापलीकडे आणून पुरला असावा, असं अभ्यासक मानतात. 2021 मध्ये जर्सीच्या सरकारनं तो 42.5 लाख पौंडांना घेतला.

इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातल्या हॉक्सन इथे 1992 मध्ये एरिक लॉज मित्राचा शेतात हरवलेला हातोडा शोधायला गेले आणि त्यांना रोमन सोन्याचांदीची नाणी लागली, पंधरा हजारांच्या घरात. त्यांनीही थोडं काढून खणणं थांबवलं. म्हणून तर सगळं एका लाकडी पेटीत नीट रचून ठेवलं होतं हे कळलं. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

याच्या उलट उदाहरणही इंग्लंडमधलंच. 2015 मध्ये लेमिन्स्टरजवळ दोन शोधकांना व्हायकिंग काळातला ठेवा सापडला. त्यांनी तो ना जमीनमालकाला कळवला ना सरकारला. नाणी विकायला काढली. एकाच्या फोनमधून पुसून टाकलेले फोटो पोलिसांनी परत मिळवले. नाणी अंदाजे 300 होती, त्या वेळी हाती लागली जेमतेम तिसेक. त्यांतल्या काही नाण्यांवर वेसेक्स आणि मर्सिया या तेव्हाच्या इंग्लंडमधल्या दोन राज्यांचे राजे, आल्फ्रेड आणि केओलवुल्फ, शेजारी शेजारी बसलेले दिसतात. वेसेक्सच्या बखरींनी या केओलवुल्फला व्हायकिंगांच्या हातचं बाहुलं ठरवून निकालात काढलं होतं. नाणी सांगतात की तो आल्फ्रेडचा बरोबरीचा सहकारी होता. हाती न लागलेली नाणी काय सांगणार होती, ते गेलंच. 2019 मध्ये दोघांना मोठा तुरुंगवास झाला.

संख्या टिकली तर काय होतं याचा दाखला आपल्या नाशिक जिल्ह्यात आहे. 1906 मध्ये जोगलटेंभी इथे क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा निधी मिळाला, तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा छाप पुन्हा ठोकलेला होता. अशी दोनचार नाणी कुणा सराफाकडे मिळाली असती तर तो योगायोग ठरला असता. एकाच निधीतली नऊ हजारांवर नाणी म्हणजे हरलेल्या राजाचं चलन जिंकलेल्या राजानं रीतसर स्वतःचं करून घेतल्याचा पुरावा. नहपान आणि गौतमीपुत्र समकालीन होते, हे त्यामुळे पक्कं झालं.

आपल्याकडे हंडा म्हटलं की मांत्रिक आणि अमावास्या आठवते. कायदा फारसा कुणाला आठवत नाही. तो आहे, आणि इंग्रजांच्या काळापासूनचा आहे: भारतीय निखात निधी अधिनियम, 1878. जमिनीत लपलेला ऐवज सापडला तर शोधणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, आणि त्यात ऐवजाचं स्वरूप, अंदाजे किंमत, सापडल्याची जागा आणि तारीख द्यायची. न कळवल्यास शोधणाऱ्याचा वाटा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. संरक्षित पुरातत्त्वस्थळी तर परवान्याशिवाय उत्खनन करताच येत नाही. कळवण्यासाठी ऐवजाची किंमत किती हवी, तेही 1878 च्या कायद्यात लिहिलेलं आहे: दहा रुपये.