कल्ट

एखादी व्यक्ती, शिकवण किंवा कलाकृती यांच्याभोवती जमलेला, बाहेरच्यांना अतिरेकी वाटावी इतकी निष्ठा बाळगणारा अनुयायीवर्ग. मराठीतील ‘पंथ’ व ‘संप्रदाय’ या शब्दांना निंदेचा वास नाही आणि ‘बुवाबाजी’ म्हटले की फसवणूक गृहीत धरली जाते. म्हणून येथे ‘कल्ट’ हाच शब्द ठेवला आहे.

तो लॅटिन ‘कुल्तुस’वरून आला. मूळ धातू ‘कोलेरे’. मशागत करणे, जोपासणे, पूजणे असे त्याचे अर्थ. इंग्रजीत सतराव्या शतकाच्या सुमारास रुळला तेव्हा त्याचा अर्थ निव्वळ उपासना एवढाच होता आणि पुरातत्त्वात तो आजही तसाच वापरतात. फ्रेंचमध्ये तर ‘क्युल्त’ हा निरुपद्रवी शब्द असून संशयाची छटा ‘सेक्त’ला आहे; २००१ च्या फ्रेंच कायद्यातही याच दुसऱ्या शब्दापासून बनलेले विशेषण योजले आहे.

इंग्रजीत निंदार्थ नेमका कधी चिकटला, याविषयी एकमत नाही. समाजशास्त्रज्ञांकडे त्याचा दोष जात नाही, असे दिसते. जर्मन विचारवंत एर्न्स्ट ट्रॉल्च यांच्या चर्च, सेक्ट (फुटीर पंथ) व गूढवाद या धार्मिक गटांच्या विभागणीचा विस्तार करताना अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९३२ मध्ये ‘कल्ट’ हा वर्ग मांडला, तो सैल, विस्कळीत, व्यक्तिगत अनुभवाला महत्त्व देणारा गट म्हणून. आजच्या लोकसमजुतीतील करड्या शिस्तीचा बंदिस्त गट याच्या जवळजवळ उलटा! समाजशास्त्रज्ञ स्टार्क व बेनब्रिज (१९७९) यांच्या मते सेक्ट जुन्या धर्मातून फुटून निघतो, तर कल्ट नवे काही घडवतो किंवा बाहेरून आणतो. त्यांनी त्याचे श्रोतृवर्ग, ग्राहकवर्ग व चळवळ असे तीन स्तर कल्पिले. ही मांडणी अधिक उपयोगी वाटते.

लोकमानसातील भीतीला मुख्यतः १८ नोव्हेंबर १९७८ ची घटना कारण झाली. दक्षिण अमेरिकेतील गयाना देशात, ‘पीपल्स टेम्पल’ या पंथाच्या जोन्सटाउन वसाहतीत, पंथप्रमुख जिम जोन्स याच्या आदेशावरून सायनाइड मिसळलेले फळांच्या चवीचे पेय वाटण्यात आले. आधी मुलांना; तान्ह्यांच्या तोंडात ते सिरिंजने सोडले गेले. नऊशेहून अधिक माणसे दगावली, त्यांत सुमारे एकतृतीयांश अल्पवयीन होती. सामूहिक आत्महत्या हा शब्द म्हणूनच अपुरा पडतो. पुढे ओम् शिन्रिक्यो या जपानी पंथाचा टोकियोच्या भुयारी रेल्वेतील सरीन या विषारी वायूचा हल्ला (१९९५) आणि हेवन्स गेट या अमेरिकन पंथाच्या ३९ जणांची सामूहिक आत्महत्या (१९९७) यांमुळे हा अर्थ पक्का झाला.

अनुयायी ‘मेंदू धुऊन’ बनवले जातात काय, हा वाद शमलेला नाही. समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी युनिफिकेशन चर्च या कोरियात उगम पावलेल्या पंथाच्या अभ्यासात (१९८४) दाखवले, की त्याच्या शिबिराला आलेल्या दहांपैकी नऊ जण सदस्य झालेच नाहीत. मोहिनी इतकी अमोघ असती, तर हे कसे घडले असते? समाजशास्त्रज्ञ बेंजामिन झॅब्लॉकी यांनी मात्र प्रश्न फिरवला : आत शिरणे नव्हे, तर बाहेर पडणे किती महाग केले जाते, ते पाहा. प्रवेशाबाबत बार्कर यांचे म्हणणे सरस वाटते. सुटकेबाबत झॅब्लॉकींचा मुद्दा खोडणे कठीण.

कलाक्षेत्रात हाच शब्द कौतुकाचा आहे. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ (१९७५) हा चित्रपट पहिल्या प्रदर्शनात आपटला. १९७६ पासून न्यूयॉर्कमधील मध्यरात्रीच्या खेळांनी त्याला जगवले. पडद्यावर लग्न लागले की प्रेक्षक तांदूळ उधळतात, पाऊस आला की डोक्यावर वर्तमानपत्र धरतात, आणि संवादांमधल्या विरामांत ठरलेली उत्तरे ओरडतात. बेकर यांच्या सैल गटापेक्षा येथे विधी अधिक काटेकोर आहे. क्रीडापटू वा व्यापारी छाप यांच्या चाहत्यांना हा शब्द बहुधा रूपक म्हणूनच लावला जातो.

राजकारणातील प्रकारासाठी मराठीत ‘व्यक्तिपूजा’ हा नेमका शब्द आहे. सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव्ह यांनी फेब्रुवारी १९५६ मध्ये स्टालिनवर ठेवलेला आरोप याच नावाचा होता.