ट्रिगर हलका म्हणजे नेम पक्का?

लातूर-नांदेडकडं एअर पिस्तूल शिकणाऱ्या पोरांच्या डोक्यात एक खूळ बसलंय: ट्रिगर जितका हलका, तितके गुण जास्त. मग कुणीतरी जाणकार स्क्रू ढिला करून देतो. अहो, स्पर्धेच्या नियमानं 10 मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर ओढायला किमान 500 ग्रॅम भार लागला पाहिजे. 25 मीटरच्या पिस्तुलाला 1000. तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरला वजन अडकवतात आणि अलगद उचलतात. वजन लटकून राहिलं तर पास, खटका सुटला की परत पाठवणी. शिवाय फार हलक्या ट्रिगरवर बोट टेकताच, नेम जुळण्याआधीच छर्रा जातो. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलीमीटर, म्हणजे जेमतेम शर्टाच्या बटणाएवढं! मनगट न हलवता ट्रिगर ओढणं जमतं ते घरी कोऱ्या भिंतीसमोर, छर्रा न भरता केलेल्या सरावानं. त्याला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही.