लिथुआनियन अक्षराची शेपटी आणि आपला अनुस्वार

लिथुआनियन भाषेत एक म्हण आहे, "दिएवस दावे दांतिस, दुओस इर दुओनोस". एकदा मोठ्याने वाचून बघा. दिएवस म्हणजे देव, दावे म्हणजे दिले, दांतिस म्हणजे दात, दुओस म्हणजे देईल, आणि दुओना म्हणजे पाव, हा शब्द आपल्या धान-धान्याच्या कुळातला. देवाने दात दिले, धान्यही देईल. आपण ज्याने चोच दिली तो चाराही देईल म्हणतो ना, अगदी तेच. बाल्टिक समुद्राच्या काठावर साधारण तीस लाख लोक ही भाषा बोलतात, आणि आपल्याला म्हण जवळजवळ न शिकता कळते, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

असल्या शब्दांच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि खाली लिहिलेलं असतं की लिथुआनियन संस्कृतातून निघाली. तसं नाहीये. दोन्ही भाषा एका त्याहून जुन्या, कधीच न लिहिल्या गेलेल्या भाषेपासून आल्यात, म्हणजे नातं आई-मुलीचं नाही, चुलत बहिणींचं आहे. आणि खरी मजा तिथेच आहे, कारण आजीच्या ट्रंकेतलं काय कुणी जपलं आणि काय कुणी टाकलं ते प्रत्येक घरात वेगळं निघतं.

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर गुरुः, गुरुम्, गुरोः, हे गुरो हे पाठ केलेलं आठवत असेल. आता लिथुआनियनमध्ये मुलगा म्हणजे सूनुस (पांडुसूनुमधला सूनु, आपल्या सुनेशी काही संबंध नाही, ती स्नुषेवरून आली). मुलाचा म्हणायचं तर सूनाउस, संस्कृतात सूनोः. मुलांनी, मुलांबरोबर म्हणायचं तर सूनुमिस, संस्कृतात सूनुभिः. आणि मुलाला हाक मारायची तर सूनाउ, संस्कृतात हे सूनो! संस्कृतातला ओ मुळात अउ होता, तो लिथुआनियनमध्ये अजून कानाला तसाच लागतो. हाक मारायची ही वेगळी विभक्ती रोजच्या वापरातली आहे, योनस नावाच्या माणसाला समोर बोलावताना योनाइ म्हणायचं, आपण रामाऽ म्हणून ओरडतो तसंच.

पण मला सगळ्यात जास्त भावली ती एक बारीकशी शेपटी. लिथुआनियन रोमन लिपीत लिहितात आणि त्यात चार स्वर असे आहेत की ज्यांच्या खाली छोटी आकडी असते. तिला नोसिने म्हणतात, नोसिस म्हणजे नाक, आपली नासिका. म्हणजे एके काळी हे स्वर नाकातून म्हटले जायचे. आज तसा उच्चार राहिला नाही, स्वर नुसता लांब होतो. लांडगा म्हणजे विल्कस, संस्कृतात वृकः. लांडग्याला (म्हणजे कर्म असताना) विल्का, शेवटचा आ लांब आणि लिहिताना खाली शेपटी, संस्कृतात वृकम्. म्हणजे ती शेपटी म्हणजे तो म् आहे! आधी म् चा न् झाला, मग स्वर नाकात गेला, मग नाकही सुटलं आणि फक्त लांबी उरली, ती कागदावर आकडी म्हणून दिसते.

आता आपण काय करतो बघा. सोनं, डोकं, केलं असं मी आत्ता टाइप केलं, वर अनुस्वार दिला, पण उच्चार नाकातून केला का? नाही, शेवटचा अ लांबवला. जुन्या पुस्तकांत हेच सोनें, डोकें, केलें असायचं आणि तो अनुस्वार नपुंसकलिंगी म् चा अवशेष, सुवर्णकम् चा सोनें. कोकणीत तो अजून नाकातून ऐकू येतो. एक टिंब वर, एक आकडी खाली, आणि दोन्हीकडे गेलेल्या म् ची आठवण लांबीच्या रूपाने राहिली, एकमेकांना न विचारता. मला तरी यापेक्षा सुंदर योगायोग व्याकरणात सापडलेला नाही.

ही शेपटीवाली अक्षरं छापायला एके काळी बंदीही होती. रशियन साम्राज्याने १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षं रोमन लिपीत लिथुआनियन छापू दिलं नाही, मग पुस्तकं शेजारच्या प्रशियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मन राज्यात, छापून माणसं ती पाठीवरून सीमेपलीकडे चोरून आणायची. योनस याब्लोन्स्किस यांचं १९०१ चं व्याकरण, ज्यावर आजची प्रमाणभाषा उभी राहिली, तेही टोपणनावाने तिकडेच छापलं गेलं.

सगळंच जपलं असं मात्र नाही. नामांचं नपुंसकलिंग त्यांच्याकडे गेलं, मराठीने ते संस्कृतापासून आजवर सांभाळलं. तो करतो आणि ते करतात याला त्यांचं क्रियापद एकच, दारो. पंचमी गेली पण जाताना आपलं रूप षष्ठीला देऊन गेली, लांडग्याचा म्हणजे विल्को हे मुळात वृकात् च्या जागचं आहे. बाकी मराठी माणसाला वाक्यरचना घरची वाटेल, मान शाल्ता म्हणजे मला थंडी वाजते, मान पातिंका म्हणजे मला आवडतं, "मी" ऐवजी "मला" का असा प्रश्न आपल्याला पडतच नाही.

शेजारची लाटवियन जवळची बहीण, पण तिथे जोर शब्दाच्या सुरुवातीवर गेला आणि शब्दांचे शेवट झिजले, दिएवसचं दिएव्स, विल्कसचं विल्क्स. तिसरी बहीण जुनी प्रशियन, ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला संपली, प्लेगनंतर बोलणारं कुणी फारसं उरलंच नाही. तिची सोळाव्या शतकातली तीन धर्मप्रश्नोत्तरीची पुस्तकं आहेत आणि त्याआधीची एक ८०२ शब्दांची जर्मन-प्रशियन यादी. त्या यादीत लांडगा आहे, विल्किस. पण फक्त प्रथमेत. लांडग्याचा, लांडग्याला, अरे लांडग्या, हे ते लोक कसं म्हणायचे ते आता विल्कस आणि वृकः समोर ठेवून अंदाजाने मांडावं लागतं.