पार्श्वभूमी : तळातला कबड्डी संघ दोन-तीन हंगामांत वर येतो तो कसा

१ मार्च २०२४ च्या रात्री हैदराबादला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि प्रो कबड्डीचा करंडक पहिल्यांदा पुण्याला आला. अलिबाग-पेण पट्ट्यात, जिथे लहानथोरांना डावा कोपरा आणि उजवा कोपरा (बचावफळीच्या दोन टोकांना उभे राहणारे खेळाडू) यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही, तिथे आनंदाइतकंच आश्चर्यही होतं. कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला, ऐन विशीतला. आकाश शिंदे नाशिकचा. पंकज मोहिते, मोहित गोयत, संकेत सावंत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री, सगळी कोवळी पोरं. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई सोडला तर लिलावात हॉल हादरवणारं नाव एकही नाही. हा संघ उभा कसा राहिला, याचं उत्तर त्या एका हंगामात सापडत नाही, थोडं मागे जावं लागतं.

रायगड-रत्नागिरीत कबड्डीचा संघ म्हणजे गावाचं मंडळ. नाव बहुधा ग्रामदेवतेचं, जर्सी कुणा चाकरमान्याच्या देणगीची. भात कापून झालं की एखादं खाचर सपाट करायचं, माती चाळायची, पाणी मारून रोलर फिरवायचा, फक्कीने रेघा आखायच्या. माघी गणपती, जत्रा, शिमगा. रात्री सुरू झालेले सामने संपेपर्यंत पूर्वेला फटफटलेलं असतं. या मंडळांना संघ नव्याने बांधणं काही नवीन नाही. पोरगं चमकलं की मुंबईला गेलंच म्हणून समजा. महिंद्र, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, देना बँक, मध्य रेल्वे, महाराष्ट्र पोलीस अशा संघांत खेळाडू म्हणून नोकरी लागायची आणि त्यात गावाला दुःख नव्हतं, उलट पेढे वाटले जायचे. पण मैदानावर एक जागा रिकामी व्हायची. ती भरायला दोन वाटा. शेजारच्या तालुक्यातून एखादा नावाजलेला चढाईपटू पाहुणा म्हणून आणायचा, नाहीतर कुमार गटातला पोरगा उभा करून दोन वर्षं हरायची तयारी ठेवायची.

पहिल्या वाटेने एखादी ढाल मिळते. दुसऱ्या वाटेने संघ होतो. हे इथल्या कुठल्याही जुन्या पंचाला विचारा, तो कारणासकट सांगेल. चढाई एकट्याची असते. तीस सेकंद, एक श्वास, एक डोकं. पकड मात्र एकट्याची कधीच नसते. कोपऱ्याने घोट्यावर हात टाकला त्याच क्षणी मध्यरक्षकाने अंग घातलं नाही तर चढाईपटू कोपऱ्याला ओढत मध्यरेषा गाठतो आणि गुण समोरच्याला. कोपरा कधी झेपावणार हे मध्यरक्षकाला त्याच्या खांद्याच्या हालचालीवरून कळावं लागतं. गावच्या संघात ते कळतं, कारण दोघं बऱ्याचदा एकाच वाडीतले, कधी चुलतभाऊच, आणि लंगडी खेळायच्या वयापासून एकमेकांच्या बाजूला उभे राहिलेले. विकतच्या सात जणांत ते यायला वेळ लागतो.

२०१४ ला प्रो कबड्डी ही लिलावात खेळाडू विकत घेऊन खेळायची लीग आली तेव्हा हे गणित कुणाच्या ध्यानात नव्हतं. आठ संघ, प्रत्येकाला खर्चाची मर्यादा ६० लाखांची. सर्वांत महाग विकला गेला राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. सारेच नवे, त्यामुळे बांधणी आणि फेरबांधणी असा भेदच नव्हता. यू मुम्बा या मुंबईच्या संघाने पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठली आणि २०१५ ला विजेतेपद मिळवलं. त्यानंतरची, तिसऱ्यापासून पाचव्या हंगामापर्यंतची, तिन्ही विजेतेपदं पटणा पायरेट्सची. पटणाची गोष्ट माझ्या वरच्या म्हणण्याला छेद देणारी आहे, हे कबूल. तो संघ परदीप नरवालच्या चढायांवर चालला. २०१७ च्या पाचव्या हंगामात त्याने एकट्याने चढाईचे ३६९ गुण घेतले. पण परदीप पटणाला आला तेव्हा तो बंगळुरूकडून एकच हंगाम खेळलेला, जवळजवळ अनोळखी पोरगा होता. भाव वाढल्यावर त्याला घेणाऱ्या यूपी योद्धाने आठव्या हंगामासाठी १ कोटी ६५ लाख मोजले. त्या पैशाने अंतिम फेरीही दिसली नाही.

इथे जरा समुद्रापलीकडे जातो, कारण पडलेला संघ पुन्हा उभा करायचं शास्त्र ज्यांनी सर्वांत आधी मांडलं त्यांत उत्तर अमेरिकेची नॅशनल हॉकी लीग येते. ही बर्फावरची हॉकी, आपल्या ध्यानचंदांची नव्हे. तिथे १९६३ पासून नव्या पोरांची निवड पाळीपाळीने होते आणि तळातल्या संघाला आधी हात घालायला मिळतो. न्यूयॉर्क आयलँडर्सने १९७२-७३ च्या पहिल्या हंगामात ७८ पैकी १२ सामने जिंकले होते. मग पोटव्हिन, ट्रॉटिए, बॉसी असे एकेक पोरगे निवडत, मधे घाई न करता, १९८० ते १९८३ सलग चार वेळा स्टॅन्ली कप, म्हणजे त्या लीगचा करंडक, उचलला.

नियम असा म्हटल्यावर पळवाट आलीच. १९८४ साली मारिओ लमिए हा असामान्य पोरगा निवडीला येणार होता आणि पिट्सबर्ग तळाला राहिलं. ते मुद्दाम हरले असं लोक आजही म्हणतात. शेवटी १९९५ पासून पहिली पाळी सोडतीवर टाकली गेली. २००५ पासून पगारावर कमाल मर्यादा आली, म्हणजे पैसेवाल्यालाही वाट्टेल तशी खरेदी करता येईना. कोलोराडोने २०१६-१७ मध्ये ८२ सामन्यांत अवघे ४८ गुण मिळवले, सोडतीतही नशीब फिरलं आणि पाळी चौथी आली. त्या चौथ्या पाळीत त्यांनी केल मकार हा बचावपटू उचलला, नाराज झालेला मॅट डुशेन देऊन आणखी तरुण माल जमवला आणि २०२२ ला कप जिंकला. उलट एडमंटनला २०१० ते २०१५ या सहा वर्षांत चार वेळा पहिली पाळी मिळाली. तरीही २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठच्या दोन अंतिम फेऱ्यांत फ्लोरिडाने त्यांना हरवलं. हे फ्लोरिडा पाळीची वाट पाहत बसलं नव्हतं. २०२२ मध्ये त्यांनी दोन चालते खेळाडू देऊन मॅथ्यू कचक आणला होता, आणि तोही आधीच चांगल्या बसलेल्या संघात.

प्रो कबड्डीत मात्र तळाला राहिल्याचं बक्षीस नाही. लिलावाच्या हॉलमध्ये बारावा आणि पहिला एकाच रांगेत बसतात. तेलुगू टायटन्सने हे पुरतं भोगलं. आठव्या हंगामात २२ पैकी एक विजय, नवव्यात दोन, दहाव्यातही दोन. दहाव्या हंगामाच्या लिलावात त्यांनी पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले, तोवरची सर्वांत मोठी बोली, आणि तरीही जागा शेवटचीच. पवनच्या खेळात खोट नव्हती. तो गुण आणायचा आणि त्याच्या मागची फळी ते परत देऊन टाकायची. याच पवनला आदल्या वर्षी तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतलं होतं. पहिल्याच सामन्यात गुडघा गेला, हंगाम संपला. आणि त्याच्याविना तो संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचला! तरुण बचावफळी एकत्र खेळत राहिली की काय होतं ते त्या हंगामात दिसलं.

पुणेरी पलटणकडे परत येऊ. आठव्या हंगामात अनुप कुमार प्रशिक्षक होता आणि संघात राहुल चौधरी, नितीन तोमर अशी मोठी नावं होती. सुरुवात वाईट झाली. मग चढाईचा भार अस्लम आणि मोहित गोयत या नवख्यांवर आला आणि पलटणने प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरची बाद फेरी, गाठलं. खरी फेरबांधणी तिथे सुरू झाली, लिलावात नव्हे. नवव्या हंगामाला बंगाल वॉरियर्सला २०१९ चं विजेतेपद मिळवून देणारा बी. सी. रमेश प्रशिक्षक म्हणून आला. इराणच्या फजल अत्राचलीला १ कोटी ३८ लाखांना घेऊन कर्णधार केलं, सोबत मोहम्मद नबीबक्षला ८७ लाखांना. मुंबईतल्या अंतिम सामन्यात जयपूरने ३३-२९ ने हरवलं.

यानंतर जे केलं ते धाडसाचं होतं. अंतिम फेरीपर्यंत नेणाऱ्या फजलला त्यांनी सोडलं आणि पोरांना राखलं. पहिल्या सातातले बहुतेक जण तेच. शिल्लक पैशातून एकच मोठी खरेदी, शादलुई, २ कोटी ३५ लाख. म्हणजे जमलेल्या फळीत जी एक जागा हवी होती, डावा कोपरा, तेवढीच विकत घेतली. त्या दहाव्या, करंडकाच्या हंगामात साखळीत २२ पैकी १७ विजय, ९६ गुण, अव्वल स्थान. फजलसारखा कर्णधार घालवायला छाती लागते. गावच्या मंडळात असा ठराव मांडणाऱ्याला सभेतून उठवलं असतं.

हरियाणाची गोष्ट याच साच्यातली, म्हणून थोडक्यात. प्रशिक्षक मनप्रीत सिंग, जो २०१६ ला कर्णधार म्हणून पटणाकडून जिंकला होता आणि गुजरातचा प्रशिक्षक म्हणून दोन अंतिम सामने हरला होता. जयदीप दहिया, राहुल सेठपाल, मोहित नांदल ही बचावफळी त्याने हलू दिली नाही. पुण्याकडून हरल्यावर पुढच्या लिलावात त्याच शादलुईला २ कोटी ७ लाखांना उचललं आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला पटणाला ३२-२३ ने हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. अस्लम जखमी झालेली, शादलुई गमावलेली पलटण त्या हंगामात प्लेऑफबाहेर होती. वर येणं जितकं झटपट, घसरणंही तितकंच. बाराव्या हंगामात अजय ठाकूरच्या हाताखाली ती पुन्हा अंतिम फेरीत गेली आणि दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. दिल्लीच्या कोपऱ्यात उभा होता फजल अत्राचली.

कोकणाला यात काय मिळतं? कुणालाही विचारा, पहिलं नाव चिपळूण तालुक्यातल्या शुभम शिंदेचं येतं. तो कोपऱ्यात खेळतो. पुणेरीकडून सुरुवात केली, बालेवाडीतल्या त्या अंतिम सामन्यात पटणाच्या फळीत होता. नवोदितांची स्वतंत्र वर्गवारी आल्यापासून संघांचे लोक कुमार गटाच्या स्पर्धांवर नजर ठेवतात, कारण स्वस्तात घेतलेला आणि राखता येणारा पोरगा हीच आता खरी कमाई आहे. पूर्वी कंपनीचा साहेब यायचा, आता अकादमीचा माणूस येतो. आणि मला वाटतं, आपल्याकडच्या पोरांचं भांडवल चढाईपेक्षा पकडीतच जास्त आहे.

अडचण मॅटची आहे, म्हणजे मातीऐवजी अंथरतात त्या गादीची. मातीवर अनवाणी पकड करणारा पोरगा मॅटवर बूट घालून उभा राहिला की पहिले काही महिने त्याचा पाय रुततच नाही. मातीत घोट्याला धरून मागे रेटता येतं, मॅटवर चढाईपटूचा बूट पकड घेतो आणि तो तुम्हालाच खेचतो. खाचरातली मैदानं दिवाळीनंतर तयार होतात. बारावा हंगाम २९ ऑगस्टला सुरू होऊन ऑक्टोबरअखेर संपलाही. म्हणजे निवडीच्या दिवसांत इथे पाऊस असतो आणि सराव करायचा तर छपराखालची मॅट लागते. तालुक्याला एक तरी अशी जागा असावी, ही मागणी मंडळांच्या सभांत दरवर्षी निघते. यंदाही निघेल, फक्त आता समोर बसलेल्या पोरांपैकी दोघा-चौघांना लिलावाच्या तारखा तोंडपाठ असतात.