कॉर्दोबाच्या मशिदीत कॅथेड्रल आलं कुठून?

दक्षिण स्पेनमधल्या कॉर्दोबाला लोक जातात ते मुख्यतः एका वास्तूसाठी, आणि आत शिरल्यावर हमखास चक्रावतात. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, खांबांमागे खांब, असे तब्बल ८५६. आणि त्यांच्या मधोमध एकदम उंच, लख्ख, नक्षीने मढलेलं ख्रिस्ती कॅथेड्रल!

अब्बासी या प्रतिस्पर्धी मुस्लिम घराण्याने दमास्कसच्या सत्ताधारी उमय्यद घराण्याची कत्तल केली, तेव्हा निसटलेला एक राजपुत्र पळत पळत मुसलमानांच्या ताब्यातल्या स्पेनला पोहोचला. हा पहिला अब्द अल-रहमान. ७५६ मध्ये तो कॉर्दोबाचा अमीर झाला आणि ७८५ च्या सुमारास त्याने मशिदीचं काम काढलं. खांब बरेचसे जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (मुसलमानांआधीचे स्पेनचे राज्यकर्ते) इमारतींतून उचललेले. त्यामुळे ते एकसारखे नाहीत. शेजारशेजारच्या दोन खांबांचा दगड आणि माथ्यावरची नक्षीही कित्येकदा जुळत नाही. शिवाय ते बुटके. छत उंच न्यायचं तर करायचं काय? कमानीवर दुसरी कमान चढवली. आज सगळे जिचे फोटो काढतात ती रचना अशी अडचणीतून सुचलेली आहे.

पुढच्या दोनशे वर्षांत मशीद वाढत गेली. दुसऱ्या अल-हकमने दहाव्या शतकात बांधलेल्या मिहराबवरचं (नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा) सोनेरी मोझाइक बायझंटाइन सम्राटाने धाडलेल्या साहित्यातून घडलं. शेवटची मोठी वाढ ९८७ च्या सुमारास अल-मन्सूर या सर्वसत्ताधारी वजिराने केली. दक्षिणेला ग्वादलक्विव्हिर नदी आडवी, म्हणून तो पूर्वेकडे सरकला आणि मिहराब मध्यावरून बाजूला पडला. त्याच्या भागातल्या कमानी जवळून पाहा: जुन्या भागात लाल पट्टा विटांचा आहे, इथे नुसता दगडावर रंग फासलेला. घाईत उरकलेलं काम लपत नाही.

१२३६ मध्ये कॅस्टिलचा राजा तिसरा फर्डिनंड याने शहर जिंकलं. मशीद पाडली नाही. तिलाच चर्च म्हणून पवित्र केलं आणि जवळजवळ तीनशे वर्षं किरकोळ फेरफारांवर निभावलं. खरी ठिणगी पडली १५२३ मध्ये. बिशप आलोन्सो मान्रिके यांनी मधले खांब काढून कॅथेड्रल उभारायला घेतलं, तेव्हा ख्रिस्ती नगरपालिकेनेच विरोध केला. कामाला हात लावणाऱ्या गवंड्याला देहदंडाची धमकी दिली. प्रकरण सम्राट पाचव्या चार्ल्सकडे गेलं आणि त्याने बिशपच्या बाजूने कौल दिला. नंतर काम पाहून त्याला पश्चात्ताप झाला, अशी आख्यायिका गाईड रंगवून सांगतात. परवानगी त्याचीच होती, हे मात्र बहुतेकदा गाळतात.

काम संपायला १६०७ उजाडलं. कॅथेड्रल एरवी पाहण्याजोगं आहे, नुसती जागा चुकली. पण माझ्या मते त्याच्यामुळेच भोवतालची मशीद तगली. वापरातली वास्तू सहसा कुणी पाडत नाही. बाहेरच्या घंटाघराच्या पोटातही जुन्या मिनाराचा बराचसा भाग अजून शिल्लक आहे.

वाद मिटलेला नाही. १९८४ मध्ये युनेस्कोने वास्तूला जागतिक वारसा ठरवलं. २००६ मध्ये स्थानिक धर्मप्रांताने अवघ्या तीस युरोंच्या शुल्कात ती स्वतःच्या नावे नोंदवली, आणि मालकी चर्चची की जनतेची यावर शहरात जुंपली. आत आजही रोज मिस्सा (कॅथलिक उपासना) होते. मुसलमानांना नमाजाची परवानगी नाही.